डिपस्टिकवर वाढणारं तेल

इंजिन टेस्टिंगवाल्यांकडे किस्से कसे साचतात, विचारू नका. कँटीनमध्ये रसम येईपर्यंत एक होतो, ताक येईपर्यंत दुसरा! आणि आमच्या चेन्नईच्या लॅबमधल्या बहुतेक किश्शांत एकच व्यक्ती असते: आमच्या हेड, राव मॅडम.

मॅडम तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. मी साताऱ्याहून रुजू झालो, तेव्हा म्हणाल्या, "यावें, बसावें. जेवण जाहलें कीं?" मला वाटलं, दरबारातच आलो! तेवढ्यात त्यांनी हातात इंजिनातलं तेल मोजायची तेलकट पट्टी, डिपस्टिक, दिली. "आतां वास घ्या."

तेलाला चक्क पेट्रोलचा वास!

*

आमच्या टर्बो इंजिनाचं हेच दुखणं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इंजिन थंड असलं की थोडं भिंतीला चिकटतं आणि ओघळून खाली तेलात मिसळतं. तेल पातळ होतं, इंजिन झिजतं. वर डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते, म्हणून मालक खूश!

मैलापूरचे एक रिटायर्ड बँक मॅनेजर तर अभिमानानं सांगत आले, "सगळ्यांच्या गाड्या तेल पितात. माझी तेल बनवते!"

त्यांची गाडी रोज घर ते देऊळ एवढीच धावायची. तापायच्या आत बंद. मॅडमनी तेल बदलायला लावलं आणि औषध दिलं, "दर रविवारी महाबलीपुरमपर्यंत जाऊन यावें. तेल नीट तापलें कीं पेट्रोल उडून जातें."

महिन्याभरानं त्यांच्या बायकोचा फोन. "मॅडम, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच हे मला फिरायला नेतायत. गाडी बरी झाली तरी त्यांना सांगू नका!"

*

नव्या इंजिनाच्या टेस्ट हायवेवर चालायच्या आणि तेल छान यायचं. सगळे खूश, मॅडम सोडून. "हायवेवर कोण राहतो? मुलांस शाळेस सोडणारी गाडी पाहिजे."

मग आमचा टेस्ट ड्रायव्हर सेंदिल रोज टेस्ट कार घेऊन अड्यारमध्ये लॅबशेजारच्या घरांतली मुलं शाळेत सोडू लागला. गेटपर्यंत जायचं, एसी लावून थांबायचं, परत यायचं. आठवड्याभरात तेल पातळ!

आणि शाळेनं सेंदिलला पालकसभेला बोलावलं. बिचाऱ्याचं लग्नही झालेलं नव्हतं.

*

ते तेल घेऊन मॅडम लॉन्चच्या मीटिंगला गेल्या. मार्केटिंगला जाहिरातीत हवं होतं, 'तेल बदलायची चिंता विसरा!' मॅडमनी टेबलावर दोन काचेच्या बाटल्या ठेवल्या. एकीत नवं तेल, दुसरीत शाळेचं. दोन्ही तिरक्या केल्या. एक मधासारखं सरकलं, दुसरं पाण्यासारखं धावलं.

डायरेक्टर साहेब तापले. "लॉन्च पुढे ढकलला तर वर काय सांगू? इंजिन पास करायला तुमच्या जागी दुसऱ्याची सही घेईन!"

मॅडमनी बाटल्या त्यांच्यापुढे सरकवल्या. "सेरी, बरें, घ्यावी. फक्त यांतलें कुठलें तेल तुमच्या लेकीच्या गाडींत घालूं, तेवढें सांगावें."

साहेबांनी शाळेच्या तेलाची बाटली स्वतः तिरकी करून पाहिली. लॉन्च पुढे ढकलला गेला.

*

मग आम्ही झपाटल्यासारखे कामाला लागलो. पेट्रोल एकदम फवारण्याऐवजी छोट्या छोट्या फवाऱ्यांत वाटलं, इंजिन लवकर तापेल अशी व्यवस्था केली, तेल बदलायचं अंतर कमी केलं. शाळेच्या फेऱ्या पुन्हा सुरू. शेवटी एका सकाळी मॅडमनी डिपस्टिक ओढली. पातळी जागच्या जागी. हुंगलं. नुसता तेलाचा वास! सेंदिलनं इतक्या जोरात शिट्टी मारली की वॉचमन धावत आला.

*

लॉन्चच्या दिवशी साहेबांनी स्टेजवर मॅडमना बोलावलं आणि पहिल्या गाडीची किल्ली पुढे केली. "ही कंपनीकडून तुम्हाला भेट. हे इंजिन तुमचं आहे." टाळ्यांचा कडकडाट!

मॅडमनी हात जोडले, पण किल्ली घेतली नाही.

"क्षमा करावी. माझें घर कंपनीच्या गेटासमोरच आहे. एवढ्याशा अंतरास हें इंजिन चालवूं? माझ्यानें नाहीं होणार."

मॅडमनी खाली आमच्या रांगेकडे बोट दाखवलं.

"सेंदिलला द्यावी. तो रोज लांब चेंगलपट्टूहून येतो. तेल छान तापेल."