बरोबर, पुढे वाच

नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. देवापुढेही बोलले नाही. देवापुढे माणूस सोयीचं तेवढंच बोलतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आणि हे मी लिहीत नाही, बोलते आहे. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका लिहून घेताहेत. मध्ये बोलायचं नाही आणि माझं बोलणं गोड करायचं नाही, या अटीवर.

माझा मुलगा सुहास कंप्युटरच्या कंपनीत लागला आणि बिबवेवाडीच्या दोन खोल्या सोडून आम्ही कोथरूडला फ्लॅटमध्ये आलो. ते दिवसच तसे होते, जो तो अमेरिकेला निघाला होता. सुहास वर्षातले सहा महिने तिकडे. सून माधवी बँकेत. माझे यजमान तोवर गेले होते. दिवसभर घरात मी आणि नात, रेवती.

रेवती बोलायला पोपट. गोष्ट एकदा ऐकली की पाठ. पण तिसरीत गेली तरी वाचता येईना. ‘घर’ला ‘धर’ म्हणायची, ‘भात’ला ‘मात’. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. शाळेत पोरं तिला ढ म्हणायची. आणि घरी कोण म्हणायचं? मी म्हणायचे. चारचौघांत म्हणायचे, हसत.

मग माधवीला कुणीतरी वाचनाच्या बाईंचं नाव सांगितलं. अशा मुलांना त्या घरीच शिकवायच्या. त्यांनी रेवतीला तपासलं, आणि म्हणाल्या, मुलगी चांगली हुशार आहे. आळशी नाही, हट्टी नाही. याला डिस्लेक्सिया म्हणतात, अक्षर आणि आवाज यांची गाठ हिच्या डोक्यात चटकन बसत नाही, ती वेगळ्या रीतीनं बसवावी लागते. आणि मग विचारलं — घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? पुष्कळदा घराण्यात असतो. असेल तर हिला जरूर सांगा. आपण एकटेच नाही, एवढं कळलं तरी मूल धीर धरतं.

सगळ्यांच्या आधी मी बोलले. "आमच्याकडे कुणी नाही हो. हिच्या माहेरी चौकशी करा."

माधवी रेवतीचं दप्तर आवरायला लागली.

आता सांगून टाकते. मला वाचता येत नाही. चौथी पास आहे मी, पण सगळं ऐकून, पाठ करून. ‘खडू’ मला ‘रवडू’ दिसायचा, अजून दिसतो. मास्तरांनी छड्या मारल्या, मी पाठांतर वाढवलं. पुढे आयुष्यभर चष्मा विसरत आले. स्वारगेटला पाटीखाली उभी राहून विचारायचे, ही कोथरूडला जाते का? कंडक्टर म्हणायचा, "आजी, पाटी काय शोभेला लावलीय?" पण सोसायटीत माझा मान होता. श्रावणात बायका जमायच्या आणि मी पोथी वाचायचे. खणखणीत. चौथी शिकलेली बाई, पण वाचन बघा! पोथी आईकडून ऐकून तोंडपाठ होती. पान कुठे उलटायचं तेसुद्धा पाठ होतं. यजमानांना हे माहीत होतं का? ते पेपर मोठ्यानं वाचायचे. कुणासाठी वाचायचे, मी कधी विचारलं नाही.

बाईंनी रेवतीला ताटात रवा पसरून दिला. त्यावर बोटानं अक्षर काढायचं आणि काढताना त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा. घरीही रोज. मी म्हटलं, रव्याची नासाडी. पण ती हात धुवायला गेली की तिच्या रेघेवरून मी बोट फिरवायचे. घ, ध. घ, ध. दोन महिन्यांत तिनं रस्त्यावरची पाटी वाचली — ‘घरगुती पीठ गिरणी’ — सबंध. मग घरी येईपर्यंत दिसेल ती पाटी वाचत सुटली. मान ताठ झाली होती पोरीची.

मग बाई म्हणाल्या, आता मोठ्या माणसानं रोज सोबत वाचायचं. शब्दाखाली बोट, दोघींचा आवाज एकदम. ती अडली तर शब्द सांगायचा, रागवायचं नाही.

दुपारी तीनला घरी कोण असतं? मी.

मी म्हणायचे, चष्मा सापडत नाही, तू वाच, मी ऐकते. ती वाचायची. बरोबर की चूक, मला काय कळणार? प्रत्येक ओळीला मी म्हणायचे, "बरोबर, पुढे वाच." कितीतरी दिवस असं चाललं.

एके दुपारी मी तांदूळ निवडत होते. ती वाचत होती. विहिरीवर आजी बसली. आजीच्या डोक्यावर घुबड बसलं. गोष्टीत काय, काहीही असतं. मी म्हटलं, "बरोबर, पुढे वाच."

ती थांबली. पुस्तक माझ्याकडे फिरवलं, बोट ठेवलं. "घुबड कुठंय यात? दाखव."

मी तांदळातले खडे शोधायला लागले.

"आजी, तुलापण येत नाही."

आणि ती हसली. टिंगलीचं हसू मी ओळखते, शाळेत पोटभर ऐकलंय. हे तसं नव्हतं. तिला आनंद झाला होता. जवळ सरकली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझीपण अक्षरं गोंधळतात? मी नाही सांगणार कुणाला."

मी तिच्या मुस्काटात मारली.

एवढ्यावर थांबले असते तर — नाही, थांबले नाही. ती सांगणार नव्हती, कबूलच केलं होतं तिनं. तरी मला धीर निघाला नाही. सुहास तेव्हा घरी होता. संध्याकाळी दोघांपुढे मीच तोंड उघडलं. म्हटलं, ही मनाचं काहीबाही वाचते, आणि पकडली की मलाच म्हणते, तुला येत नाही. खोटारडी झालीय. रेवती रडत म्हणाली, खरंच येत नाही आजीला. सुहास हसला. "अगं, आजी पोथी वाचते. आण बरं पोथी."

तिनंच आणून दिली.

तेव्हा तरी बोलावं की नाही? मी पोथी उघडली. ओळीखाली बोट ठेवलं आणि म्हणायला लागले. बोट सरकवत होते. एक पान संपलं, उलटलं, अगदी जिथे उलटायचं तिथेच. रेवती माझ्या बोटाकडे बघत होती. वाचनाच्या बाईंनी शिकवलं होतं तसं, शब्दाखाली बोट. तिचं रडणं थांबलं. ती गोंधळली. आठ वर्षांचं मूल, स्वतःच्या डोळ्यांवर किती वेळ विश्वास ठेवणार?

सुहास म्हणाला, आजीच्या पाया पड. ती पडली. मी आशीर्वाद दिला.

त्यानंतर ती माझ्याजवळ वाचायला बसली नाही. बाईंकडेही तोंड उघडेना. वाचलेलं बरोबर असलं तरी म्हणायची, चुकलं असेल. चांगली सावरत होती, घरी काही झालं का, असं बाईंनी माधवीला विचारलं. माधवीनं मला विचारलं. मी म्हटलं, काही नाही. पुढच्या वर्षी ती शिकवणी सुटली. दहावी लेखनिक घेऊन पास झाली. आता ती केक करते, चांगले करते. ऑर्डर फोनवर बोलून घेते. कुणी लिहून पाठवली तर नवऱ्याकडे देते वाचायला. दुपारी तीनला मला अजून तिचं हसणं ऐकू येतं. मी रेडिओ लावते. उपयोग होत नाही.

संक्रांतीला दोघं आले होते. नातजावई तिला चिडवत होता, लहानपणी काय काय उद्योग केलेस म्हणून. रेवती म्हणाली, "मी ना, भयंकर खोटं बोलायचे. आजीला वाचताच येत नाही, असं सांगितलं होतं घरी. बिचारीला पोथी वाचून दाखवावी लागली." नातजावयानं विचारलं, असं का सांगितलंस? ती म्हणाली, "कुणास ठाऊक. मीच ढ होते, तर सगळेच ढ असावेत असं वाटलं असेल."

सगळे हसले. मी तिच्या शेजारीच वाटाणे सोलत होते. ती खोटं बोलली नव्हती, एवढंच म्हणायचं होतं. मी वाटाणे सोलत राहिले.