अंधारातले डबे

"बॅटरी बंद," बाई म्हणायच्या आणि सगळ्यांच्या आधी आपल्या हातातली बॅटरी विझवून पदराखाली धरायच्या. मग कोणी बोलायचं नाही. बाई मनातल्या मनात दोनशेपर्यंत आकडे मोजायच्या. पहिल्या पन्नासात काहीच दिसत नसे. शंभरीनंतर बांधाची कड उमटायला लागे, दीडशेच्या सुमाराला बाभळीचं खोड वेगळं होई आणि दोनशेला बाई विचारायच्या, "आता दिसून राहिलं का न्हाई?"

दिसत असायचं. तुमचा विश्वास बसत नसेल तर एकदा गावाबाहेर जाऊन करून पाहा. माझाही बसला नव्हता. मी परभणीची, रस्त्यावरच्या दिव्याखाली वाढलेली. पहिल्या दिवशी मी बाईंचा पदर घट्ट धरून उभी होते आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

मी त्या शाळेत रुजू झाले तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता. सेनगावकडचं गाव, सातवीपर्यंतची शाळा आणि गावापासून दीड किलोमीटरवर तांडा. बाई पंचेचाळिशीच्या असतील. बुटक्या, काटक, पायात पुरुषी वहाणा. शाळेची घंटा व्हायच्या आधी त्या वहाणांचा आवाज यायचा आणि पोरं आपोआप रांगेत उभी राहायची. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत वारला होता. त्याबद्दल त्या एवढंच सांगत, "मग शिकले. दुसरं काय करता?"

आठवीचा वर्ग चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात होता. हिवाळ्यात शाळा सुटून मुलं वाटेतल्या ओढ्यापर्यंत येईतो दिवस मावळायचा. म्हणून सातवी झाली की पोरींचं दप्तर खुंटीला. बापांना विचारलं तर ते भांडत नसत. "अंधार पडतो ना बाई," एवढंच म्हणत आणि खाली बघत. बाईंनी एकदा शाळा सोडल्याच्या दाखल्यांचं जुनं रजिस्टर काढून माझ्यापुढे टाकलं. आठवीसाठी दाखला नेलेली सगळी पोरंच होती.

"बघा ताई. सातवी झाली की पोरीवर अंधार पडतो. पोरावर पडत न्हाई. रस्ता तर एकच हाय."

त्याच आठवड्यात त्यांनी दंतमंजनाचे रिकामे डबे गोळा करायला सुरुवात केली.

शाळेत स्काऊट-गाईडमधलं मुलींचं पथक होतं, म्हणजे कागदावर होतं. बाईंनी ते खरं केलं. आठवड्यातून एकदा, दिवेलागणीनंतर तासभर, सहावी-सातवीच्या मुली शाळेच्या ओट्यावर जमायच्या. बाईंनी दुपारीच कुठेतरी डबा लपवलेला असायचा. डब्यात एखादी रिबीन, टिकल्यांचं पाकीट, पेन्सिल, लिमलेटच्या गोळ्या आणि एक घडी घातलेला कागद. नियम सोपा होता. डबा सापडला की त्यातलं एक घ्यायचं, आपल्याजवळचं एक ठेवायचं, कागदावर नाव लिहायचं आणि डबा जिथल्या तिथे ठेवायचा. गोळ्यांपेक्षा त्या कागदावर नाव लिहायला मुली जास्त धडपडायच्या. कित्येकींनी परीक्षेच्या पेपरावरही इतक्या वळणदार अक्षरात नाव लिहिलं नसेल.

डबा शोधायच्या तऱ्हा बाई दर वेळी नव्या काढत. सायकलच्या दुकानातून मोडक्या सायकलींचे लाल काचेचे तुकडे आणून त्यांनी कडुनिंबांच्या खोडांना ठोकले. अशा वेळी मात्र बॅटरी लावायला परवानगी असे. उजेड फिरवला की दूरवर एक लाल डोळा चमके, त्याच्यापाशी गेलं की पुढचा. कधी गाठी मारलेली दोरी हातात देत. जितक्या गाठी तितकी पावलं, मोठी गाठ आली की वळायचं. कधी लिंबाच्या रसानं लिहिलेली चिठ्ठी. ती कंदिलाच्या काचेवर शेकली की तपकिरी अक्षरं उमटत. एकदा त्यांनी डब्यावर ओव्याची पुरचुंडी बांधली आणि मुलींना सांगितलं, "आज डोळे न्हाई, कान न्हाई. आज नाक." मुली वाऱ्याकडे तोंड करून कुत्र्यासारख्या हुंगत फिरल्या आणि हसून हसून लोळल्या. डबा मात्र सापडला.

तांड्याच्या नाईकांची नात सुनीता या खेळात सगळ्यांच्या पुढे असे. वर्गात ती तोंड उघडत नसे. अंधारात तिला कंठ फुटायचा.

एका संध्याकाळी खुद्द नाईक काठी टेकत शाळेवर आले. फेटा, पांढऱ्या मिशा, आवाज मोठा.

"बाई, लेकरं दिवस बुडाल्यावर काहून फिरवून राहिल्या?"

"तुमी बी या की नाईक," बाई म्हणाल्या. "एक डाव खेळून बघा. मंग बोला."

नाईक खेळले. आणि नातीकडून हरले. सुनीतानं डबा काढून कागदावर नाव लिहिलं तेव्हा आजोबा अजून बांधाच्या अलीकडे काठीनं गवत उलटंपालटं करत होते. मला वाटलं आता चिडतील. पण ते ओट्यावर येऊन बसले, पाणी प्यायले आणि आभाळाकडे बघू लागले.

"आमचे बापजादे बैलांवर धान्य-मीठ लादून रातचेच चालत होते," ते म्हणाले. "उन्हात बैल थकतो. वर बघून चालायचे. आमी इसरलो."

पुढच्या आठवड्यापासून नाईक स्वतः येऊ लागले. कोणता तारा कुठल्या महिन्यात कुठे उगवतो, ध्रुव डाव्या खांद्यावर धरला की माणूस कुठे पोचतो, हे त्यांनी मुलींना शिकवलं. बाई खाली मुलींमध्ये बसून वहीत उतरवून घेत. नाईक चुकून त्यांनाही "ए पोरी, ध्यान दे" म्हणत. बाई "व्हय बाबा" म्हणून मान खाली घालत.

गाव मात्र नाराज होतं. गावात एक मोठे शेतकरी होते, सगळे त्यांना मालक म्हणत. माणूस वाईट नव्हता. शाळेचा हौद त्यांनीच बांधून दिला होता. पण पोरी दिवेलागणीनंतर रानात हिंडतात हे त्यांना खपेना. त्यांची स्वतःची मुलगी सहावीत होती, तिला त्यांनी ओट्यावर येऊ दिलं नाही. शेवटी त्यांनी वर तक्रार केली आणि पौषातल्या एका दुपारी पत्र आलं. सूर्यास्तानंतर विद्यार्थिनींचा कोणताही उपक्रम घेऊ नये, घेतल्यास कारवाई होईल. हेडमास्तरांनी पत्र बाईंच्या हातात दिलं. बाईंनी दोनदा वाचलं, सही केली आणि पाचवीला भागाकार शिकवायला गेल्या.

त्यानंतर तिसऱ्याच दिवशी मालकांची आई हरवली.

म्हातारीची साठी उलटली होती. अलीकडे तिला माणसं ओळखू येत नसत, कधी कधी आपलं घरही. दिवस मावळताना ती घरातून निघाली होती. तिला शेताकडे जाताना एका गुराख्यानं पाहिलं होतं. गावात वीज नव्हती. तीस-चाळीस माणसं बॅटऱ्या, कंदील आणि पेटते टेंभे घेऊन हाका मारत तुरीच्या रानात घुसली. तूर पुरुषभर उंच झालेली. दोन तास झाले, पत्ता नाही. थंडी वाढत होती आणि रानाच्या टोकाला कठडा नसलेली विहीर होती.

बाई माझ्या खोलीत आल्या तेव्हा मी कंदील पेटवून बाहेर पडायच्या तयारीत होते.

"ताई, म्हातारी हरवली न्हाई. लपून बसली," त्या म्हणाल्या.

मला कळेना. बाई भराभर बोलत होत्या. म्हातारी बाईंच्या घरच्या ओट्यावर येऊन बसे, तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे. ती लहान असताना निजामाचे रझाकार टेंभे घेऊन गावावर आले होते आणि तिच्या आईनं तिला पिकात दाबून धरलं होतं, तोंडावर हात ठेवून, पहाटेपर्यंत.

"आता बाहेर बघा," बाई म्हणाल्या. "टेंभे, गडीमाणसं, आरडाओरडा. ती कशी ओ देईल?"

"पण पत्र आलंय बाई. तुमची नोकरी..."

"हेडमास्तरांना सांगा, हा खेळ न्हाई." आणि वहाणा वाजवत त्या तांड्याकडे निघाल्यासुद्धा.

तासाभरात त्या अकरा मुली घेऊन आल्या. सोबत नाईक होते. बाई थेट मालकांसमोर उभ्या राहिल्या. मालकांचा चेहरा उतरला होता, आवाज बसला होता.

"मालक, तुमची माणसं रानाबाहेर काढा. उजेड बंद करा. माय घाबरून राहिली तुमाला."

"बाई, ही काय येळ हाय का..."

नाईकांनी काठी आपटली. "आइका त्यांचं!"

मालकांनी बाईंकडे पाहिलं, मग मुलींकडे. मग वळून ओरडले, "भायेर या रे सगळे! इझवा ते!"

एक एक करून उजेड विझले. आणि मग जी शांतता पसरली, ती मला अजून आठवते. तीस-चाळीस पुरुष बांधावर उभे आणि अकरा मुली हातभर अंतरानं रांग धरून तुरीत शिरल्या. नाईक काठी घेऊन विहिरीपाशी जाऊन बसले, मुलींनी तिकडे जाऊ नये म्हणून. बाई रांगेच्या मध्ये, मी शेवटी. पावलं टाकायची, थांबायचं, ऐकायचं. पुन्हा पावलं. तुरीच्या शेंगा अंगावर घासत होत्या.

किती वेळ गेला कोण जाणे. मग सुनीता थांबली. तिनं वाऱ्याकडे तोंड वळवलं आणि हलकेच म्हणाली, "बाई, मिसरीचा वास."

म्हातारी दिवसभर मिसरी लावायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बाईंनी रांग थांबवली आणि सुनीताला एकटीला पुढं जायची खूण केली. ती वाकून गेली. दहा-बारा पावलांवर तुरीच्या दोन सऱ्यांमध्ये म्हातारी अंगाचं मुटकुळं करून बसली होती, आपल्याच तोंडावर आपलाच हात दाबून. सुनीता तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"आजे, मी हाव. पोरगी हाव."

हात बाजूला झाला. "गेले का गं ते?"

"गेले आजे. समदे गेले. चल, घरी जाऊ."

म्हातारी उठली. सुनीताचा हात धरून तुरीतून चालत बांधावर आली. आपल्या लेकाला तिनं ओळखलं नाही. मालकांनी अंगावरची घोंगडी काढून तिच्याभोवती गुंडाळली आणि तिला उचलून घेतलं. त्या मोठ्या माणसाला मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. बाई मात्र मुली मोजत होत्या. अकरा झाल्या तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

परतताना मी त्यांना विचारलं, "बाई, तुम्हाला कधी भीती वाटतच नाही का?"

"वाटती की. लहानपणापासून वाटती," त्या म्हणाल्या. "पोरी संगं असल्या की इसरते."

दुसऱ्या दिवशी मालक शाळेत आले. माफीबिफी काही मागितली नाही. हेडमास्तरांच्या खोलीत उभ्या उभ्या म्हणाले, "ते तकरारीचं मी वर जाऊन मिटवून येतो." मग बाईंकडे वळले. "आमची पोरगी बी लिहून घ्या तुमच्या त्यात." आणि चटकन निघून गेले. बाईंनी वही उघडून नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.

त्या जूनमध्ये सात मुली आठवीला गेल्या. हिवाळा आला तशा त्या ओढा ओलांडून अंधारात, आपापल्या गप्पांत, घरी येऊ लागल्या. बाई पहिले काही दिवस ओढ्याच्या अलीकडे, त्यांना दिसणार नाही अशा जागी उभ्या राहत. पुढे तेही बंद केलं. "त्यायला कळलं तर लाजतील," म्हणाल्या.

बाई निवृत्त होऊन वारंगा फाट्याजवळ भावाच्या गावी राहायला गेल्या, त्यानंतरची गोष्ट. माझ्या पुण्याच्या भाच्यानं मला सांगितलं की जगभर लोक असाच खेळ खेळतात. डबा लपवतात, उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र घेऊन शोधतात, आत नाव लिहितात. काहीजण तर मुद्दाम अंधार पडल्यावर, झाडांना चमकणाऱ्या खुणा लावून. मी धावत बाईंना सांगायला गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यायच्या डब्यात लिमलेट असती का?"

"ते नाही माहीत बाई."

"मंग अजून शिकायचं राहिलं त्यायचं," म्हणाल्या आणि पुन्हा सुपाकडे वळल्या. पण दिवसभर त्यांचा चेहरा उजळलेला होता. संध्याकाळी भावजयीला त्यांनी ते दोनदा सांगितलं.

दोन पावसाळ्यांनंतर बाई गेल्या. ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. आम्हाला निरोप उशिरा मिळाला, दहाव्यालाच पोचता आलं. एक जीप करून आम्ही बारा जणी निघालो, मी आणि बाईंच्या पथकातल्या अकरा. सुनीता होती, आता ती नर्स झाली होती. मालकांची मुलगी होती. दोघींची लेकरं घरी सासूंकडे होती. पावसानं गावचा रस्ता खचला होता, म्हणून जीप फाट्यावर ठेवून तीन किलोमीटर चालत गेलो. बाईंच्या फोटोसमोर बसून बोलताना दिवस कधी मावळला कळलं नाही.

आम्ही उठलो तसे बाईंचे भाऊ घाबरे झाले. भला माणूस. बाहेर बघून म्हणाले, "आता कुठं निघाल्या? दिवस बुडला. रस्ता खराब हाय. सकाळी जा. संगं गडीमाणूस कोणी न्हाई का?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सुनीताच्या ओठांचे कोपरे हलले, मालकांच्या मुलीनं पदर तोंडाला लावला, आणि मग त्या दुखवट्याच्या घरात आम्ही बाराही जणी हसलो. मोठ्यानं, आवरेना इतकं. भाऊ गोंधळून बघत राहिले. सुनीतानं वाकून त्यांच्या पाया पडून घेतलं.

"काळजी करू नका मामा," ती म्हणाली. "आमी बाईंच्या पोरी हाव."

आणि आम्ही रस्त्याला लागलो.