खेकडा गवत

माझ्या अक्षराला हसू नये. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे, हे मला चौथीतही नीट कळलं नव्हतं, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. हाताला पेनापेक्षा खुरप्याची सवय जास्त, म्हणून ओळी खाली उतरत जातात. ही वही मुलीच्या शाळेतली उरलेली आहे. कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. पण वाचलीच कोणी, तर चुकांबद्दल माफी असावी. बाकी जे लिहिलंय त्याबद्दल माफी मागणार नाही.

रावेतला एका बंगल्यात मी झाडू, फरशी आणि बागेचं काम करते. महिन्याला साडेचार हजार. बंगला जुन्या गावकऱ्यांचा आहे. त्यांची शेती होती, तिथे आता बिल्डिंगा झाल्या, आणि राहिलेल्या तुकड्यावर हा बंगला. घरात आजी आहेत, त्यांचा मुलगा आणि सून. सुनेला मी वहिनी म्हणते. त्या हिंजवडीला कंपनीत जातात. स्वभावाने वाईट नाहीत, हे आधीच लिहिते, कारण पुढे मी रागाने लिहिणार आहे.

बंगल्याच्या पुढे लॉन आहे. नर्सरीवाल्याने ते गालिच्यासारख्या गुंडाळ्या करून आणलं आणि जमिनीवर उलगडून गेला. मी त्या दिवशी सुट्टीवर होते. दुसऱ्या दिवशी आले तर अंगण हिरवं. पावसाळा लागला तसं त्यात वेगळं गवत दिसायला लागलं. वहिनींनी मोबाईलवर त्याचा फोटो काढला. फोटो काढला की झाडाचं नाव सांगणारं काहीतरी असतं त्यात.

"मावशी, हे क्रॅबग्रास आहे," त्या म्हणाल्या. "क्रॅब म्हणजे खेकडा. खेकडा गवत. जमिनीवर आडवं पसरतं आणि वरती बोटांसारखे तुरे येतात. तेवढं सगळं मुळासकट काढून टाका. मी तीन दिवस ऑफिसच्या कामाने बाहेरगावी आहे, हेही टूरवर, तेवढ्यात होईल ना?"

मी मान हलवली. माझ्या हातून नेहमी हेच होतं. तोंड उघडायच्या जागी मान हलते. नेमकं कोणतं गवत, बोट लावून दाखवा, एवढं विचारलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण विचारलं तर त्या म्हणतील, एवढंही कळत नाही का. आणि मला वाटलं, मला कळतं. मी शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे बीडला वडील जमीन नांगरल्यावर आम्हा भावंडांना हरळी वेचायला पाठवायचे. हरळीचा एक कांडा मागे राहिला तर दुपारची भाकरी उशिरा मिळायची.

मी लॉनमध्ये बसले आणि पाहिलं. दोन प्रकारचं गवत होतं. एक बारीक पानाचं, आडवं पळणारं, कांड्याकांड्याला मुळं सोडणारं. दुसरं रुंद पानाचं, फिकट हिरवं, रसरशीत, गुरांनी आवडीने खावं असं. आता खेकडा कोण? खेकडा आडवा पळतो. कांड्याकांड्याला पाय फुटलेले ते बारीक गवत, ते आडवं पळत होतं. आणि ते मी लहानपणापासून ओळखत होते. ती हरळी होती. वर एकदोन तुरेही होते, बोटांसारखेच.

शहरातल्या माणसाने पैसे देऊन हरळी लावली असेल, हे माझ्या डोक्यात कसं यावं. मला वाटलं, ते रुंद पानाचं सुंदर गवत विकतचं असणार.

तीन दिवस मी उकिडवी बसून खणलं. वीतभर खोल खुरपं घालून पांढरी मुळं ओढून काढली. दोन पोती भरली. वडिलांनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. कोपऱ्यातली थोडी राहिली, तिथे पाण्याचा पाइप होता आणि तो तुटायची भीती वाटली.

शुक्रवारी संध्याकाळी वहिनी गाडीतून उतरल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"मावशी, हे काय केलंत?"

"खेकडा काढला."

"तुम्ही लॉन काढलंत. खेकडा सगळा तसाच आहे."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोटो काढले. नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकर चालू होता, म्हणून त्यांचं बोलणं मलाही ऐकू आलं. "नऊ हजारांचं लॉन होतं. पगारातून काप. शिकतील तरी."

शिकतील तरी. हे दोन शब्द माझ्या कानात किती दिवस राहिले सांगता येत नाही.

ठरलं ते असं. अर्धे पैसे ते सोसणार, अर्धे माझे. साडेचार हजार, महिन्याला दीड, तीन महिने. पावसाळा संपला की नर्सरीवाला नवीन गालिचा टाकणार. मी तेव्हाही मान हलवली. मला सांगायचं होतं की हरळी मरत नाही, बोटभर कांडा मातीत राहिला तरी ती परत येते, दोन महिने थांबा. ते बोलले नाही म्हणून मला त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

त्यांनी ते फोटो सोसायटीच्या ग्रुपवरही टाकले. पलीकडच्या बंगल्यातली बाई मला पाहून म्हणाली, "आमच्याकडे येऊ नका हं मावशी, आमची तुळस राहू दे." आणि हसली. मीही हसले. घरी येऊन भाकरी थापताना परातीवर एवढा हात आपटला की मुलगी म्हणाली, आई, परात फुटेल.

आमचे हे भोसरीला वर्कशॉपमध्ये लेथवर असतात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे गं. आमच्याकडे पण जॉब रिजेक्ट झाला की कापतात."

"तुमचा लोखंडाचा तुकडा परत उगवत नाही," मी म्हणाले. "माझं गवत उगवतंय."

खरंच उगवत होतं. कोपऱ्यातली हरळी आधी वाढली. मग उघड्या मातीतून सुईएवढी टोकं वर आली. मी रोज फरशी पुसून झाली की खिडकीतून बघायचे. तोपर्यंत एका महिन्याचा पगार तीन हजार आला. मग दुसऱ्या महिन्याचाही तीन हजार. मुलीच्या बुटाचा तळ सुटला होता, तो मी दाभणाने शिवून दिला. वहिनींच्या हातात पाकीट असायचं आणि त्या दर वेळी म्हणायच्या, "दीड कापलेत हं, मावशी." जणू मी विसरले असेन.

मग गणपती आले. सकाळी वहिनींची धावपळ चालली होती. बाजारात दूर्वा संपल्या होत्या, आणि एकाने जुडीचे चाळीस रुपये सांगितले म्हणून त्या फोनवर त्याच्याशी भांडत होत्या. मी बाहेर गेले, पाइपाच्या कोपऱ्यातून तीन पानांच्या एकवीस दूर्वा खुडल्या, धुतल्या आणि ताटात ठेवल्या.

आजी मधले तीन महिने माण गावाला मुलीकडे होत्या, गुडघ्याच्या दुखण्यासाठी. आदल्या दिवशीच परत आल्या होत्या. त्यांनी जुडी हातात घेतली.

"ताज्या हायेत. कुठनं आणल्यास गं?"

"अंगणातनं," मी म्हणाले. "लॉनमधल्याच आहेत."

वहिनी म्हणाल्या, "आई, ते लॉन आहे. दूर्वा नाही."

"न्हाई कशी? दूर्वाच हाय. श्यातात आली की हरळी, देवाला वाहिली की दूर्वा." आजी हसायला लागल्या. "अगं, ह्याच वावरातली हरळी काढून काढून आमी म्हातारी झालो, आन् तू पैसं देऊन परत आणलीस व्हय?"

आलेले पाहुणे हसले. वहिनींचे मिस्टर हसले. वहिनीही हसल्या, कपाळाला हात लावून. मी ताट धरून उभी होते. सगळ्यांना गंमत वाटली आणि एकालाही माझे कापलेले तीन हजार आठवले नाहीत. आरती सुरू झाली. मी टाळ्या वाजवत होते आणि आतून जळत होते. हरळी आहे हे म्हातारीने सांगितलं तर विनोद. मी तीच हरळी काढली तर अडाणीपणा.

विसर्जनानंतर मी दोन दिवस चुलीसमोर वाक्य पाठ केलं. शाळेत कविता पाठ करायचे तसं. मुलगी समोर बसून म्हणायची, "आई, मान हलवू नको, बोल."

महिना भरला. वहिनींनी पाकीट दिलं. तीन हजारच. आणि म्हणाल्या, "आता दीडचा हिशोब संपला, मावशी. लॉन किती छान आलंय बघा. तेवढं खेकडा गवत काढून टाका, तुरे आलेत, बी पडेल. या वेळी मी दाखवते कोणतं ते."

"मला माहितीये कोणतं ते," मी म्हणाले. "काढते. आधी माझे साडेचार हजार द्या."

"कसले साडेचार?"

"लॉन आपोआप आलं. नर्सरीवाला आला नाही. त्याला तुम्ही रुपया दिला नाही. मग माझे कापलेले कुठे गेले?"

मला वाटतं, त्यांनी माझा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता. मीही ऐकला नव्हता.

"पण मावशी, चूक तर झाली ना तुमची."

"झाली. त्या तीन दिवसांची मजुरी पुढच्या महिन्यात कापा. हे साडेचार द्या."

"मी ह्यांना विचारते," त्या म्हणाल्या.

चार दिवस विचारणं चाललं. मिस्टर पुण्याबाहेर होते, मग मीटिंगमध्ये होते. मी झाडू मारला, फरशी पुसली, लॉनमध्ये पाय ठेवला नाही. तुरे पिवळे पडायला लागले. माझ्या हाताला खाज सुटत होती, कारण बी जमिनीवर पडलं की पुढच्या पावसाळ्यात दसपट होतं, आणि ते डोळ्यांनी पाहणं शेतातल्या माणसाला जमत नाही. तरी मी हात बांधून ठेवले. आजी ओट्यावरून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "लई चिवट हायेस गं." शिवी की कौतुक, मी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांच्या नंबरवर टाकते."

"माझ्या हातात द्या," मी म्हणाले. "कापलेत माझ्या हातातून."

त्यांनी पर्समधून सव्वादोन हजार दिले. अर्धे. बाकीचे नंतर, म्हणाल्या. मी खुरपं घेतलं आणि लॉनचा अर्धा भाग साफ केला. आधी पाणी मारून माती मऊ केली, मग रुंद पानाचा एकेक गड्डा बुंध्याशी धरून मुळासकट उपटला, तुरे अलगद पिशवीत टाकले म्हणजे बी सांडणार नाही, आणि ती पिशवी खताच्या खड्ड्यात न टाकता कचऱ्याच्या गाडीत दिली. बारीक हरळीचा एकही कांडा हलला नाही. मधोमध पाणी मारायचा रबरी पाइप आडवा टाकला आणि उठले. पाइपाच्या अलीकडे स्वच्छ, पलीकडे तुरेच तुरे.

मिस्टर संध्याकाळी आले आणि गॅलरीतून बघून म्हणाले, "हे अर्धंच का?"

आजी म्हणाल्या, "जेवढं दिलंस तेवढं केलंय तिनं."

ते आत गेले. त्यांचा चेहरा रागावलेला होता, आणि मला त्याची भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. ते बाहेर आले तेव्हा हातात पैसे होते. माझ्याकडे न बघता त्यांनी ते ओट्यावर ठेवले, आजींच्या चष्म्याजवळ. चुकलं असं कोणी म्हणालं नाही. ग्रुपवरचे फोटो कोणी काढले नाहीत. मी साडीला हात पुसले, नोटा उचलल्या आणि त्यांच्यासमोर एकेक करून मोजल्या. सव्वादोन हजार होते. पूर्ण.