पुलापर्यंतचा रस्ता

धाकट्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा, आणि तोही स्वतःच्या तोंडावर पाणी मारून नव्हे. आधी भावाची कूस बदलायची. पलीकडचा गुडघा दुमडायचा, एक तळवा खांद्याखाली घालायचा, दुसरा कमरेखाली, आणि अंग आपल्याकडे लोळवून घ्यायचं. ओढायचं नाही. ओढलं की कातडी सोलते. मग पाठीशी एक उशी, गुडघ्यांच्या मध्ये एक. भाऊ अंगाने भरलेला होता आणि कमरेखालचं अंग स्वतःहून काही मदत करत नसे. हे काम दम लागू न देता करता येणं ही शिकायची गोष्ट आहे. धाकट्याला ती शिकायला पूर्ण हिवाळा लागला होता.

भाऊ मालट्रक चालवायचा. माल बांधताना दोर तुटला आणि तो उंचावरून पाठीवर आपटला. तेव्हापासून खाट. घरात दोघंच. दोघांचीही लग्नं व्हायची राहिली होती आणि आता तो विषय कोणी काढत नसे. धाकट्याचे केस कानांपाशी पिकले होते, पण घरात, जिन्यात, कारखान्यात तो धाकटाच.

कारखाना धुलाईचा. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी. धाकटा पिळायच्या यंत्रावर होता. ओल्या चादरींचा पिळा हाताने उचलून यंत्रात टाकायचा, तोही चारी बाजूंनी सारखा, नाहीतर यंत्र फिरताना जागेवरून उड्या मारायला लागतं. तिथे आवाज असा की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. त्यामुळे त्या कारखान्यातल्या माणसांना एक खोड लागलेली होती. मनात येईल ते सगळे मोठ्याने बोलत. मुकादम समोर उभा असताना त्याच्या तोंडावर त्याला शिव्या घालत आणि तो मान डोलावून पुढे जाई. बायकांची दुखणी, घरभाडं, देवाकडची मागणी, सगळं मोकळ्या गळ्याने. कोण ऐकतंय!

धाकटा कामावर असताना खालच्या मजल्यावरची मावशी येऊन कूस बदलून जायची. ती पूर्वी इस्पितळात आया होती, तिचा हात पक्का होता. दुपारी धाकटा परत आला की ती मोकळी. मग पुढच्या कुशीपर्यंतचा वेळ हा धाकट्याचा स्वतःचा.

त्या वेळात तो भावाची मोटरसायकल काढायचा. हेही भावाचंच फर्मान.

"गाडी उभी राहिली की मरते. फिरवून आण."

वस्ती संपली की गोदामं, मग कालव्याकडेचा सरळ रस्ता, मग पूल. पुलावर पोचलं की निम्मा वेळ संपलेला असे. तिथून वळायचं. वळलं नाही तर घरी भावाची पाठ दुखून लाल व्हायची. म्हणून पूल म्हणजे धाकट्याच्या गळ्यातल्या दाव्याचं टोक.

परत आल्यावर भाऊ विचारी, "काय पाहिलंस?"

"रस्ता."

"रस्ता म्हणे! अरे, चार शब्द जास्त बोललास तर जीभ झिजेल का तुझी?"

असं बरेच दिवस चाललं. शेवटी भाऊ म्हणाला, "तुझ्याच्याने सांगणं होणार नाही. तो डोक्याला लावायचा कॅमेरा मिळतो ना, तो घे. मी माझं मी बघतो."

दुकानदाराने काचेवर कॅमेरे मांडले. "चॅनेल आहे का?"

"नाही. एकाच माणसाला दाखवायचंय."

"मग फोन बस झाला की."

"फोन थरथरतो. आणि तो माणूस खोट काढणारा आहे."

धाकट्याने कॅमेरे एकेक करून तळहातावर तोलले. डोक्यावर किती भार झाला की मान धरते हे त्याला माहीत होतं. सर्वांत भारी कॅमेरा नको म्हणाला. धक्के स्वतः सावरून घेणारा हवा, आणि बॅटरी काढून दुसरी घालता येईल असा हवा. दुसरी बॅटरी पुढच्या पगाराला घ्यायची ठरली. कॅमेऱ्यासाठी त्याने जादा पाळ्या केल्या. जादा पाळी म्हणजे रविवारी पाठ टेकायची नाही, एवढाच तिचा अर्थ.

भावाला कुशीवर पडून सरळ उभं चित्र दिसत नसे. म्हणून धाकट्याने जुन्या टॅबलेटला तारेचा घोडा केला आणि त्यावर टॅबलेट आडवा लटकवला. कूस बदलली की घोडाही पलीकडे न्यायचा आणि चित्रही उलटं फिरवायचं. एक काम वाढलं.

पहिल्या दिवशी कॅमेरा हँडलला लावला. भाऊ म्हणाला, "हे काय, पीठ चाळतोयस?" मग छातीवर पट्टा बांधून पाहिला. त्यात धाकट्याचे दोन हात आणि पेट्रोलची टाकी एवढंच आलं. हेल्मेटच्या टाळूवर लावला तर झाडांचे शेंडे. शेवटी हेल्मेटच्या हनुवटीला चिकटवला. डोळ्याला दिसतं तेच आता पडद्यावर दिसू लागलं. भाऊ पडद्याला नाक लावून बघत राहिला. मग म्हणाला, "गोदामाला रंग लावलाय रे. कधी लावला?"

धाकटा रोज त्याच भिंतीशेजारून जात होता. त्याला माहीत नव्हतं.

"पण गाडीचा आवाज कुठाय?" भाऊ म्हणाला. "नुसता वारा फडफडतोय. मला इंजिन ऐकव."

दुकानदाराने तारेवरचा छोटा माइक दिला. तो हेल्मेटच्या आत, गालाच्या गादीखाली दडवायचा. तिथे वारा पोचत नाही. दुसऱ्याच दिवशी धाकटा तो लावून निघाला आणि पहिल्या वळणानंतर माइक आहे हेच विसरला.

परत येऊन त्याने भावासमोर चित्र लावून दिलं आणि स्वयंपाकघरात भांडी घासायला गेला. बाहेरच्या खोलीतून इंजिन ऐकू येत होतं. स्वच्छ, भरदार. मग पुलाच्या सांध्यांवरून चाकं गेल्याचा धडधड आवाज. मग गाडी थांबली. आणि धाकट्याला त्याचाच आवाज ऐकू आला.

"हा मेल्याशिवाय माझी सुटका नाही."

घासणी हातात तशीच राहिली. ही त्याची कारखान्यातली खोड. हेल्मेटमध्येही तो सगळं मोठ्याने बोलायचा, आणि पुलावर वळताना रोज हेच. बाहेर चित्र थांबलं नाही. गाडी वळली, इंजिन चालू राहिलं, गोदामं मागे पडली. सगळं संपेपर्यंत धाकटा नळाशी उभा होता. नळही बंद करायचा राहिला.

"धाकट्या, इकडे ये."

तो गेला.

"इंजिनात टॅपेट वाजतंय. उद्या बघून घे."

"दादा, ते मी…"

"आधी कूस बदल. वेळ झालीय."

गुडघा दुमडला, तळवे घातले. पण आज पहिल्यांदाच त्याने लोळवायच्या ऐवजी ओढलं. भावाने दात आवळले, ओरडला नाही. त्याचं तोंड आता धाकट्याच्या छातीशी होतं.

"रोज म्हणतोस हे?"

"नाही."

"खरं सांग."

"फक्त पुलावर."

"मग पूल रोजच लागतो की रे."

भाऊ भिंतीकडे बघत म्हणाला, "तू कामाला गेलास की मीही म्हणतो. शब्द हेच. फक्त 'हा'च्या जागी 'मी'. तुला हेल्मेट तरी आहे. मला मावशी यायच्या आत उरकावं लागतं."

उशी सरकवायची राहिली होती. धाकट्याने ती सरकवली, मग तारेचा घोडा पलीकडे नेला.

"पुलापुढे उतार आहे," भाऊ म्हणाला. "मग एक लांबलचक भिंत, मग रस्ता फुटतो. डावा फाटा फार वाईट होता, माझ्या दोन स्प्रिंगा खाल्ल्या त्याने. आता कसा आहे?"

"मला काय माहीत? मी कधी गेलोय?"

"मग जाऊन ये. दिवसभर जा."

"आणि तुझी कूस?"

"मावशीला विचार. फुकट नको विचारूस."

मावशी ऐकून म्हणाली, "रविवारी मी लेकीकडे जाते. तुझ्या जादा पाळ्यांपायी आधीच ते हुकलंय. आणि याच्याजवळ दिवसभर बसायचं म्हणजे कुशी बदलायची मजुरी वेगळी आणि बोलणी खायची वेगळी." पण कबूल झाली. बॅटरीसाठी बाजूला ठेवलेली जादा पाळ्यांची मजुरी तिच्या हातात गेली.

रविवारी उजाडताच धाकटा निघाला. गोदामं, कालवा, पूल. पुलाच्या मध्यावर गाडीचा वेग आपोआप उतरला, पाय टेकला, हँडल वळलं. त्याला कळलं तेव्हा तो घराच्या वाटेवर निम्म्यात आला होता. एकदा घराकडे तोंड झाल्यावर परत फिरायचं त्याला सुचलंच नाही. सरळ जिना चढला.

"काय विसरलास?" मावशीने दार उघडून विचारलं.

आतून भाऊ गरजला, "कशाला आलास? तिला बसायचे पैसे दिलेत! चालता हो!"

धाकटा आल्या पावली उतरला. या खेपेला पूल येईपर्यंत कॅमेरा बंद पडला. एका बॅटरीत तेवढंच बसत होतं. पुलावर वेग पुन्हा उतरला. त्याने दातावर दात धरून गाडी पुढे रेटली. उतार लागला. भिंत लागली, ती खरंच लांब होती. फाट्यावर तो डावीकडे गेला. रस्ता अजून वाईटच होता. मग वस्ती नाही, गोदाम नाही, नुसतं माळरान.

तिथे तो उतरला आणि बसला. बसल्यावर काय करायचं हे ठरवलेलं नव्हतं. दुपारी कुशीची वेळ झाली तसे त्याचे तळवे आपसूक उताणे झाले, खाली काहीतरी घालायला निघाल्यासारखे. त्याने ते मांड्यांखाली दाबून ठेवले आणि वेळ टळेपर्यंत तसाच बसला.

घरी आला तेव्हा भाऊ टक लावून दाराकडे बघत होता. "दाखव."

"नाही उमटलं. बॅटरी संपली."

"मग सांग."

धाकटा खाटेशी बसला. उतारापासून सांगायला लागला. भिंतीपाशी अडखळला, तर भावाने विचारलं, "विटांची की दगडाची?" ते सांगितलं. डाव्या फाट्यावरचे खड्डे एकेक करून सांगितले. बोलता बोलता कुशीची वेळ झाली आणि त्याने भावाला लोळवलं, सांगणं न थांबवता.

सोमवारी पहाटे चारला तो पुन्हा उठला. पुढच्या पगाराला दुसरी बॅटरी घ्यायची असं भावाने दोनदा बजावलं होतं. पगार झाला. धाकट्याने त्यातून मावशीचा आणखी एक रविवार घेतला.