नमुन्याचं मूल

माझ्या मोठ्या जाऊबाई बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. वीस वर्षं एका कचेरीत टंकलेखन केलं, मग तो विभागच बंद झाला. चार महिने घरी बसल्या आणि एके दिवशी लहान मुलांच्या विशेष शिक्षिकेच्या पदविकेला नाव घालून आल्या.

"आता दप्तर घेऊन निघणार का?" सासूबाई म्हणाल्या.

"दप्तर माझं मी घेईन. डबा तुम्ही भरून द्या."

सासूबाईंनी खरंच दोन वर्षं डबा भरून दिला.

अभ्यास स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाले. पाठ करताना बोटं टेबलावर टाइप केल्यासारखी नाचायची. जुन्या शर्टांची बटणं काढून जाऊबाई जाड कापडावर शिवत. ज्या मुलांची बोटं नीट चालत नाहीत त्यांना सराव म्हणून. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "वहिनी, माझ्या शर्टाला एखादं तरी ठेवाल ना?"

"तुम्हाला कशाला हवीत भाऊजी? तुमची बटणं आजवर दुसऱ्यांनीच लावली आहेत."

जाऊबाईंना मूल नाही. माझी ठकी त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. तेव्हा ती अडीच वर्षांची होती आणि इतकी शांत, की कुठेही बसवा, डब्याचं झाकण गरगर फिरवत तास काढायची. येणारे-जाणारे म्हणत, किती गुणाची पोर. मी मनातल्या मनात देवाला हात जोडायची.

पहिल्याच वर्षी त्यांना एक काम मिळालं. विशेष मुलांच्या केंद्रातल्या एका मुलाचं आठ दिवस निरीक्षण करायचं आणि शेजारच्या रकान्यात तुलनेसाठी नेहमीसारखं वाढणारं एक मूल घ्यायचं. कोणी भाचा घेतला, कोणी शेजारणीची मुलगी. जाऊबाई म्हणाल्या, "घरात नमुना असताना मी बाहेर कशाला जाऊ?"

आठव्या दिवशी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. त्या तक्ता घेऊन माझ्याजवळ बसल्या. ठकीचा रकाना जवळजवळ कोरा होता.

"हाक मारली की वळत नाही गं ती. बोटाने काही दाखवत नाही. माझा हात धरून नेते, पण माझ्याकडे बघत नाही."

"लहान आहे, ताई."

"असेलही. पण एकदा दाखवून आणू या. मी येते बरोबर."

मी हातातला टॉवेल तसाच ठेवला आणि म्हटलं, "स्वतःला मूल नाही म्हणून दुसऱ्याच्या मुलात खोट काढायची का?"

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. त्यात काही कमी केलं तर देवाला आवडणार नाही.

त्या तक्ता उचलून आत गेल्या. सासूबाईंनी माझीच बाजू घेतली, "पुस्तकातलं खूळ घरात नको." तिसऱ्या दिवशी जाऊबाई नवा तक्ता घेऊन माझ्यासमोर बसल्या.

"तू सांग. मी लिहिते. हाकेला वळते?"

"वळते."

"बोटाने दाखवते?"

"दाखवते की."

"खोटं खोटं खेळते? बाहुलीला भरवते?"

"भरवते."

प्रत्येक वेळी त्यांनी बरोबरची खूण केली. ठकी टेबलाखाली झाकण फिरवत होती. आम्हा दोघींना तो आवाज ऐकू येत होता.

त्या तक्त्याला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. शिकवणाऱ्या बाईंनी तो सगळ्यांना दाखवला, निरीक्षण असं असावं म्हणून. हे मला खूप नंतर कळलं. त्या दिवशी जाऊबाई घरी आल्या आणि नुसत्या म्हणाल्या, "डोकं दुखतंय."

ठकी साडेचार वर्षांची झाली तेव्हा बालवाडीच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. मूल वर्गात असून वर्गात नसतं, म्हणाल्या, आणि केंद्राचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं. ते जाऊबाईंचंच केंद्र होतं. पदविका घेऊन त्यांना तिथे लागून तीन महिने झाले होते.

खोलीत बुटकं टेबल, छोट्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेला आरसा. नवीन मुलांची माहिती घ्यायचं काम त्यांच्याकडेच होतं. त्यांनी कागद पुढे ओढला. प्रश्न तेच होते.

"हाकेला वळते?"

"नाही."

"बोटाने दाखवते?"

"नाही, ताई."

शेवटचा प्रश्न होता, पहिल्यांदा कधी आणि कोणाच्या लक्षात आलं.

"अडीच वर्षांची असताना," मी म्हटलं. "तुमच्या."

पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'घरच्यांच्या', आणि कागद उलटा ठेवला.

त्या दिवशी मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "तुझं राहू दे. तू आई होतीस, तुला ते दिसायला नको होतं. मी शिकत होते. मला दिसलं होतं आणि मी खूण केली. वाकड्या बोलण्याला घाबरले."

आता केंद्रात निरीक्षणाला येणाऱ्या नव्या विद्यार्थिनींना त्या तुलनेसाठी घरचं मूल घेऊ देत नाहीत. कोणी फारच मागे लागलं तर विचारतात, "रकाना कोरा राहिला तर कोरा आणून द्याल का?" बहुतेकजणी परत विचारत नाहीत.

ठकी सात वर्षांची आहे. पाणी हवं असलं की तांब्याकडे बोट करते. जाऊबाईंनी मला शिकवलंय, हाक एकदाच मारायची आणि मनात दहा मोजायचे, मध्ये बोलायचं नाही. मी मोजते. कधी सातावर वळते, कधी दहा होऊन जातात. मग मी पुन्हा एकापासून सुरुवात करते, आणि ती दोन वर्षं हाताशी असती तर किती वेळा मोजून झालं असतं, तेही मनात येतं.