तोरण बांधलेला कंटेनर

आमच्या शेठना द्राक्षातलं काही कळत नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगायचो. त्यांना फक्त फोटोतलं कळायचं. हायवेला, चांदवडच्या अलीकडे त्यांचं पॅकहाऊस आणि मी तिथला क्वालिटीवाला. नाशिकच्या इंदिरानगरातून रोज सकाळी मोटारसायकलवर जायचो. त्या अख्ख्या आवारात कृषीची पदवी असलेला मी एकटाच आहे, हे मी एक दिवसही विसरलो नाही आणि दुसऱ्यांनाही विसरू दिलं नाही.

काम सांगायला सोपं होतं. बागेतून आलेली द्राक्षं पेट्यांत भरायची, थंड खोलीत ठेवून मण्याच्या पोटापर्यंत गारवा पोचवायचा, अगदी शून्याच्या आसपास, आणि तो गारवा न मोडता पेट्या रीफर कंटेनरमध्ये चढवायच्या. रीफर म्हणजे चाकांवरचा फ्रीज. लोकांना वाटतं, तो माल थंड करतो. तसं नाही. थंड दिलेला माल तो थंड राखतो, एवढंच. गरम दिलात तर गरमच बोटीवर चढतो आणि तीन-चार आठवडे समुद्रावर बिघडत जातो. म्हणून कंटेनर थंड खोलीच्या दाराला पाठ चिकटवून उभा करायचा आणि माल आतल्या आत सरकवायचा. शेठना हे मी तीन हंगाम सांगत होतो. ते "बरोबर हाय, सर" म्हणायचे आणि मोबाइल बघायचे.

माल चढवणाऱ्या माणसांचे मुकादम मालेगावकडचे होते, साठीला टेकलेले. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. शाळा चौथीपर्यंत. पण पेटीला तळवा लावून माल किती गार आहे ते सांगायचे आणि माझ्या थर्मामीटरपेक्षा फारसे चुकायचे नाहीत. मला त्याचा थोडा रागच यायचा.

हंगामातला पहिला कंटेनर हिरवा झेंडा दाखवून रवाना करायचा, ही आमच्याकडची रीत. नारळ, हार, बॅनर आणि कुणीतरी पुढारी. बॅनरवर पुढाऱ्याचा चेहरा कलिंगडाएवढा, शेठचा पपईएवढा आणि द्राक्षांचा घड कोपऱ्यात, जागा उरलीच तर. त्या वर्षी शेठना नवीन कल्पना सुचली. बंद डब्यापुढे झेंडा हलवून फोटोत काय दिसणार? दारं उघडी पाहिजेत, आतल्या पेट्यांची भिंत दिसली पाहिजे. म्हणून सकाळी माल भरून झाल्यावर त्यांनी कंटेनर थंड खोलीपासून पुढे काढून आवारात, भर उन्हात उभा करवला. दारं सताड उघडी. दारं उघडी ठेवायची म्हणजे थंड करणारं यंत्रही बंद. आणि एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत झेंडूचं तोरण, मध्ये आंब्याची पानं.

पाहुणे अकराला येणार होते. अकराला येणारा पुढारी आमच्या तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे. साडेअकरा झाले तेव्हा चाचा शेठकडे गेले.

"शेठ, ते येईपर्यंत दरवाजा लावून घेतो."

"तोरण तुटंल ना, चाचा. मुहूर्ताचं तोरण हाय, अपशकुन व्हतो."

चाचांनी मग आपली दोन माणसं उभी करून कंटेनरच्या तोंडावर ताडपत्री धरवली. शेठनी तीही काढायला लावली, कारण फोटोवाल्याला उजेड बघायचा होता. मी शेडच्या सावलीत चहा पीत हे सगळं पाहत होतो आणि मनातल्या मनात हसत होतो. गाढवापुढे वाचली गीता, आता चौथ्यांदा कशाला वाचा, असं मला वाटत होतं. खरं तर त्या क्षणी तिथे जाऊन चार शब्द मोठ्याने बोलणं हेच माझं काम होतं, त्याचाच मला पगार होता.

बारा वाजता चाचा माझ्याकडे आले. "साहब, मालाला पसीना सुटला."

म्हणजे थंड मण्यांवर गरम हवा बसून ते ओले झाले. प्रत्येक पेटीत बुरशीला आवर घालणारा एक औषधी कागद असतो. थोड्या ओलाव्यावर तो हळूहळू वायू सोडत राहतो, पार बोट तिकडे पोचेपर्यंत. एकदम भिजला की सगळा वायू एकदम सोडून मोकळा होतो. मग मणी पांढरे पडतात आणि पुढच्या प्रवासात राखणीला कुणी उरत नाही. चाचांना यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण होणार काय ते ठाऊक होतं. मी त्यांना म्हणालो, "चाचा, शेठना हौस आहे, फिटू द्या."

पाहुणे एकला आले. नाशिकचा गोडवा सातासमुद्रापार कसा गेला ते त्यांनी सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. नारळ फुटला, झेंडा हलला. ड्रायव्हरने गाडी फाटकापर्यंत नेली, टाळ्या झाल्या आणि गाडी रिव्हर्स घेत परत जागेवर आली. सील लागायचं होतं, कागद व्हायचे होते आणि दारं तर अजून उघडीच होती. शेठ पाहुण्यांना घेऊन जेवायला गेले.

मी दाराजवळच्या पेटीतल्या मण्यात थर्मामीटरची सुई खुपसली. सहा अंश. नियम असा की शेवटच्या रांगा उतरवायच्या आणि पुन्हा थंड खोलीत न्यायच्या. त्यात दुसरा दिवस उजाडला असता आणि कदाचित बोट चुकली असती.

"उतरवू का?" चाचांनी विचारलं. "माणसं थांबवून ठेवली आहेत."

मी फॉर्म काढला. तापमानाच्या रकान्यात अर्धा अंश लिहिला. माल चढवायला सुरुवात नऊ वाजता, दारं बंद दीड वाजता. भाषणासाठी फॉर्मात रकाना नव्हता. सही केली. चाचांना आकडे वाचता यायचे. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग तोरण सोडलं आणि दारं लावली.

महिन्याभराने तिकडच्या गिऱ्हाइकाचे फोटो आले. दाराकडच्या पेट्यांतले मणी पांढुरके, ओले, काहींवर बुरशी. कंटेनरात तापमान नोंदणारं एक छोटं यंत्र ठेवलेलं असतं, त्याचा आलेखही आला. सुरुवातीलाच उंचवटा. चूक कुणाची आणि तुम्ही काय कारवाई केली, ते लिहून कळवा, असं त्यांनी म्हटलं होतं.

शेठनी मला आणि चाचांना केबिनमध्ये बोलावलं. माझा फॉर्म त्यांच्यासमोर होता.

"सरांच्या कागदावर माल अर्धा डिग्री हाय. म्हंजे थंड दिला व्हता. मंग साडेचार तास दारं उघडी कुणी ठिवली?"

शेठना तोरण आठवत नव्हतं असं नाही. त्यांना कारवाईच्या रकान्यात लिहायला एक माणूस हवा होता. चाचा माझ्याकडे बघत उभे राहिले. मी एवढंच म्हणायचं होतं की माल सहा अंशांवर गेला आणि आकडा मी खोटा लिहिला.

"माल चढवायला वेळ लागला," मी म्हणालो.

"हो, शेठ," चाचा शांतपणे म्हणाले. "साहब सांगतात तसंच."

त्यांचा हिशेब त्याच दिवशी झाला. गिऱ्हाइकाला कळवलं की माल चढवणारे लोक बदलले. मी फाटकाबाहेर चाचांच्या मागे धावलो. ते मालेगावच्या गाडीची वाट बघत होते. मी काहीबाही बोललो, शेठपुढे कुणाचं चालतं, माझाही नाइलाज होता, वगैरे.

"आत्ताचं समजलं, साहब. शेठ समोर होते, घाबरले तुम्ही," ते म्हणाले. "पण त्या दिवशी आकडा लिहिला तेव्हा तर मीच होतो फक्त."

गाडी आली आणि ते चढले. शेठनी लिहायला लावलं, असं मी अजून घरच्यांना सांगतो. शेठनी सांगितलं नव्हतं. त्यांनी मला काही विचारलंसुद्धा नव्हतं.