लिलावाच्या नोटिशीतली आई

शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी मारोतीची कम्पोझिशनची, म्हणजे निबंधाची, वही उघडली आणि दुसऱ्याच ओळीवर थांबले. विषय होता 'माझी आई'. मारोतीच्या इंग्रजीचा मराठीत अर्थ असा: 'उशिरा येणाऱ्यास कोणतेही कारण न देता जेवण नाकारण्याचा हक्क आई राखून ठेवत आहे.'

माझ्या मास्तरकीच्या प्रोबेशनचा, म्हणजे कच्च्या नोकरीचा, तो शेवटचा महिना. साहेबांचा शेरा चांगला आला तर कायम. नाहीतर आलापल्लीहून वळकटी बांधायची.

चूक माझीच होती. पंचावन्न-छप्पनचं वर्ष. मॅट्रिकच्या पोरांना जड इंग्रजी शब्द यायला हवेत, पण शाळेत एक डिक्शनरी सोडली तर काही नाही. गावात छापील इंग्रजी एकाच ठिकाणी मिळे, फॉरेस्टच्या ऑफिसात. सागवानाच्या लिलावाच्या जुन्या नोटिसा मी तिथून मागून आणल्या. आठवड्याला वीस शब्द पाठ करायचे आणि निबंधात वापरायचेच, असा नियम केला. पोरांनी तो पाळला.

साहेबांनी मारोतीला उभं केलं. लिहिलेलं समजतं का, विचारलं.

"समजते ना, साहेब. तळ्यावर मासोळ्या धरत बसलो, उशीर झाला का, आई जेवाले देत नाई. काऊन म्हणून पुसाची सोय नाई."

हेडमास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

दुसरी वही अंजनाची. तिने निबंधात वडिलांना आणलं होतं, तेही लाकूड उचलण्याच्या अटीसकट: 'माल जसा आहे, जिथे आहे, तिथून आईने स्वखर्चाने न्यावा.'

"माल कोणता?"

"आमचे बाबा, साहेब. बाजाराच्या दिवशी आई त्याइले आनाले जाते. कुठी सापडन, नेम नाई."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुसायला बराच वेळ लागला. मग ते हेडमास्तरांकडे वळले.

"पोरांना शब्दन् शब्द कळतो. आमच्या ऑफिसात असा माणूस मला अजून मिळालेला नाही. मास्तरांना कायम करा. नोटिसा तेवढ्या बंद."

नोटिसा बंद झाल्या. साहेबांनी गोष्टींची पुस्तकं पाठवली. पुढच्या वर्षी निबंध सुधारले, मार्कही वाढले. निबंधांतल्या सगळ्या आया पहाटे उठून कष्ट करू लागल्या, लेकरांसाठी उपाशी राहू लागल्या. कोणती आई कोणाची, हे वहीवरचं नाव पाहिल्याशिवाय सांगता येईना.